ग्राफिक्स कार्डाचे ओव्हरक्लॉकिंग व अंडरव्होल्टिंग : भाषासंशोधकाच्या दृष्टीने विचार

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने ग्राफिक्स कार्डाच्या विद्युद्दाबाविषयी लेख लिहावा, हे पंधरा-वीस वर्षांपूर्वी वाचकांस विचित्र वाटले असते. आज तसे वाटण्याचे कारण उरलेले नाही. बोलीच्या ध्वनिमुद्रणांचे प्रतिलेखन, शब्दांचे व्याकरणिक वर्गीकरण, दोन गावांतील उच्चारांमधले अंतर मोजणे, ही कामे आता मोठ्या प्रमाणावर न्यूरल नेटवर्ककडून करून घेतली जातात. आणि त्यासाठी लागणारे कोट्यवधी गुणाकार एकसमयी उरकण्याचे सामर्थ्य, मुळात खेळांतील चित्रे रंगविण्यासाठी जन्मास आलेल्या ग्राफिक्स कार्डात आहे. लहान विभागापाशी असे कार्ड बहुधा एकच असते आणि त्याच्यापुढे तीन-चार प्रबंध रांग लावून उभे असतात. अशा स्थितीत दोन प्रश्न हमखास निघतात. कार्डाची गती कारखान्याने ठरविली त्याहून वाढवावी काय? की त्याचा विद्युद्दाब कमी करून ते थंड व काटकसरीने चालवावे? पहिल्या क्रियेस ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, दुसरीस अंडरव्होल्टिंग.

या दोन क्रिया परस्परविरुद्ध आहेत, पहिली हावरी व धोक्याची आणि दुसरी सात्त्विक व निरुपद्रवी आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. ही समजूत अर्धीच खरी आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. विजेचा खर्च व उष्णता यांपुरता विचार केला तर दोहोंच्या दिशा खरोखरच विरुद्ध आहेत. परंतु कार्डाने दिलेले उत्तर बरोबर असेल की नाही, या दृष्टीने पाहू गेल्यास त्या सख्ख्या बहिणी ठरतात. आणि संशोधकास दुसरी दृष्टी सोडून पहिलीवर भागविता येत नाही. सुदैवाने या दोहोंहून निराळा असा तिसरा मार्ग आहे. त्याची चर्चा फारशी होत नाही, कारण त्यात पराक्रम दाखविण्यास वाव नाही.

प्रथम शब्दांविषयी थोडे. ‘ओव्हरक्लॉकिंग’ या शब्दातील ‘क्लॉक’ म्हणजे वेळ सांगणारे घड्याळ नव्हे. चिपमधील क्लॉक कोणासही वेळ सांगत नाही. ते ठेका देते. दिंडीत पखवाजाच्या ठेक्यावर सर्व टाळ एकदम पडावेत, तद्वत या ठेक्यावर चिपमधील अब्जावधी ट्रान्झिस्टरांची कामे एकदम पुढे सरकतात. सेकंदास किती ठेके पडतात, ती वारंवारता. आजच्या पुष्कळ कार्डांत ती पावणेदोन ते अडीच हजार मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास पावणेदोनशे ते अडीचशे कोटी ठेके, अशी असते. या अर्थाने ओव्हरक्लॉकिंग म्हणजे ठेका चढा लावणे. परिभाषा घडविणाऱ्यांनी यासाठी एखादा जड संस्कृत शब्द घडवावा, असे मला वाटत नाही. वापरणारे तो स्वीकारणार नाहीत आणि ‘ठेका वाढविणे’ हा साधा शब्दप्रयोग कल्पना अधिक स्वच्छ मांडतो.

‘अंडरव्होल्टिंग’ या शब्दाने मात्र आपल्या भागात निश्चित घोटाळा होतो. धाराशिव जिल्ह्यात ‘लो व्होल्टेज’ म्हटले की मिणमिणता दिवा, घरघरणारा पंखा आणि न उचलणारी कृषिपंपाची मोटर, हेच चित्र डोळ्यांपुढे येते. व मग सहज प्रश्न येतो की, जी गोष्ट टाळण्यासाठी आपण स्टॅबिलायझर घेतो ती मुद्दाम का करावयाची? या दोन दाबांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नाही. भिंतीतील २३० व्होल्ट विद्युद्दाब संगणकाच्या पेटीतील पॉवर सप्लायपाशी १२ व्होल्टवर उतरतो. तेथून कार्डावर आल्यानंतर कार्डाचीच एक मंडलरचना त्यास सुमारे १ व्होल्टवर आणते व तो चिपला मिळतो. अंडरव्होल्टिंग होते ते या शेवटच्या पायरीवर, १ व्होल्टऐवजी ०.९ किंवा ०.८५ व्होल्ट असे. दाब इतका अल्प असला तरी प्रवाह थोडका नसतो. चिप २५० वॅट शक्ती घेत असेल तर १ व्होल्टला तो अडीचशे अँपिअर होतो. घरातील साध्या सॉकेटची मर्यादा ५-६ अँपिअर असते, हे येथे आठवावे.

आता मूळ यंत्रणेकडे वळू. ट्रान्झिस्टर ही एक कळ आहे. ती उघडण्यास व मिटण्यास काही काळ लागतो, आणि विद्युद्दाब जितका अधिक तितका हा काळ कमी. एका ठेक्यापासून दुसऱ्या ठेक्यापर्यंत संकेताला अशा अनेक कळांच्या मालिकेतून जावे लागते. चिपमध्ये असे असंख्य मार्ग असतात. त्यांपैकी सर्वांत लांब मार्गावरील संकेत पुढचा ठेका पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचला, तरच गणित बरोबर. पोहोचला नाही, तर ठेका कोणासाठी थांबत नाही. तेथे जे काही अर्धवट असेल, जुना शून्य किंवा जुना एक, तेच उत्तर म्हणून पुढे जाते. कळ मोडत नाही, ठिणगी पडत नाही, सूचना येत नाही. उत्तर फक्त चुकलेले असते.

म्हणून कारखानदार प्रत्येक वारंवारतेसाठी किती विद्युद्दाब द्यावयाचा याची एक वक्ररेषा ठरवून ती कार्डात भरून ठेवतो. ही रेषा काठावर आखलेली नसते. एकाच साच्यातून निघालेल्या दोन चिपा सारख्या नसतात. काही वर्षांच्या वापराने ट्रान्झिस्टर किंचित मंद होतात. काम एकाएकी वाढले की चिपमधील दाब क्षणभर खचतो. तपमानाने विलंब बदलतो. या सर्वांसाठी काही व्होल्टांश राखीव ठेवलेले असतात. शेतकरी बियाणे मोजताना पाखरांचा वाटा धरतो, तसाच हा प्रकार. ओव्हरक्लॉकिंगमध्ये आपण दाब तोच ठेवून ठेका वाढवितो, म्हणजे राखीव वेळ खातो. अंडरव्होल्टिंगमध्ये ठेका तोच ठेवून दाब उतरवितो, म्हणजे संकेत मंद करून तोच राखीव वेळ दुसऱ्या बाजूने खातो. पहिल्या परिच्छेदांत या दोहोंस सख्ख्या बहिणी म्हटले त्याचा अर्थ हा. खर्च होते ती ठेव एकच आहे.

शक्तीचा हिशेब मात्र दोहोंचा अगदी निराळा आहे. चिप चालताना खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या सम प्रमाणात आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात वाढते. वारंवारता ५ टक्के वाढवावयाची व ती पेलावी म्हणून दाबही ५ टक्के वाढवावयाचा, असे केले तर शक्ती १.०५ च्या घनाने, म्हणजे जवळजवळ १६ टक्क्यांनी, वाढते. उलट दोन्ही १० टक्क्यांनी उतरविले तर शक्ती ०.९ च्या घनावर, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांवर येते. दहा टक्के गती देऊन सत्तावीस टक्के शक्ती वाचविण्याचा हा व्यवहार आहे. याखेरीज ट्रान्झिस्टर मिटलेले असतानाही त्यांतून थोडी वीज झिरपत असते. ही गळती तपमानाबरोबर वाढते, त्यामुळे थंड राहिलेली चिप आणखी थोडी बचत करते. १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला सिद्धांत असा होता की, ट्रान्झिस्टर जसजसे लहान होतील तसतसा त्यांचा दाब त्याच प्रमाणात उतरविता येईल व चिपची उष्णता आटोक्यात राहील. तीन दशके तसे घडले. २००५ च्या सुमारास ही वाट संपली. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, दाब मात्र १ व्होल्टच्या आसपास अडकला. आज एका कार्डास ३५० किंवा ४५० वॅट लागतात याचे एक मूळ येथे आहे. दुसरे मूळ बाजारात आहे. प्रतिस्पर्ध्याच्या कार्डापेक्षा चार-पाच टक्के पुढे दिसावे म्हणून कारखानदार कार्ड आधीच वक्ररेषेच्या त्या टोकाशी चालवितात, जेथे थोड्या गतीसाठी पुष्कळ वॅट मोजावे लागतात. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर ओव्हरक्लॉकिंगचा बराचसा भाग कारखान्याने आपल्यासाठी अगोदरच उरकलेला असतो.

उरलेल्यातून काय हाती लागते? येथे आपले काम कोणत्या जातीचे आहे ते पाहावे लागते, आणि बहुतेक चर्चांत नेमके हेच राहून जाते. काही कामे गणनाने अडतात, काही मेमरीतून आकडे आणण्याने. उदाहरण घेऊ. २०२० साली बाजारात आलेल्या आरटीएक्स ३०९० या कार्डावर २४ गिगाबाइट मेमरी आहे व तीतून सेकंदास ९३६ गिगाबाइट वाचता येतात. ७०० कोटी गुणकांचे भाषाप्रतिमान, प्रत्येक गुणकास दोन बाइट या हिशेबाने, १४ गिगाबाइट होते. असे प्रतिमान वाक्य निर्माण करू लागले की प्रत्येक नव्या शब्दखंडासाठी त्यास हे सारे १४ गिगाबाइट एकदा वाचून काढावे लागतात. ९३६ भागिले १४, म्हणजे सेकंदास सुमारे ६७ शब्दखंड ही कमाल मर्यादा झाली. चिपचा ठेका कितीही चढा लावला तरी ही मर्यादा हलत नाही. पुजारी कितीही चपळ असला तरी देवळाच्या दारातून एका वेळी जितके लोक शिरतील तितकेच शिरणार. उलट, मोठ्या संचांत प्रशिक्षण चालू असताना तेच वाचलेले गुणक पुनःपुन्हा उपयोगी पडतात, तेथे गणन अडते व ठेक्याचा उपयोग होतो. पण तेथेही ५ टक्के चढ्या ठेक्याने वीस तासांचे काम एकोणीस तासांवर येईल, इतकेच. आणि आपल्याकडे ध्वनिमुद्रणांवर काम करणाऱ्यांचा वेळ पुष्कळदा यांपैकी कशातच जात नाही. जुन्या हार्ड डिस्कवरून फायली उचलण्यात जातो. त्या फायली चांगल्या एसएसडीवर हलविणे हे एखादेवेळी सर्व ओव्हरक्लॉकिंगपेक्षा मोठे काम करून जाते.

मग मेमरीचाच ठेका वाढवावा, असे कोणी म्हणेल. इथेरियम या आभासी चलनाच्या ‘खाणकामात’ गुंतलेल्यांनी हेच केले. ते काम मेमरीने अडणारे होते. म्हणून त्यांनी चिपची गती व दाब उतरविले, मेमरीचा ठेका चढविला, व कमी विजेत अधिक कमाई केली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि त्यांतील पुष्कळ कार्डे जुन्या बाजारात आली. अंडरव्होल्टिंगची जी कीर्ती झाली तीत या मंडळींचा वाटा मोठा आहे. परंतु त्यांच्या व आपल्या कामात एक मूलभूत भेद आहे, तो विसरता कामा नये. खाणकामात चुकलेले उत्तर तपासणे अत्यंत सोपे असते. ते नाकारले जाते, व नुकसान होते ते एका प्रयत्नाचे. आपल्या उत्तरास नाकारणारा कोणी नसतो. शिवाय ३०९० वर जी मेमरी आहे तिच्यात वहनातील चूक ओळखून तोच मजकूर पुन्हा मागविण्याची सोय आहे; ठेका फार चढविला तर चूक दिसत नाही, पण पुनःपुन्हा मागविण्यात वेळ जाऊन काम उलट मंदावते. आकडा चढलेला दिसतो आणि काम मात्र रेंगाळते.

आता जिल्ह्याच्या परिस्थितीकडे येऊ, कारण येथील उत्तर थंड प्रयोगशाळेतील उत्तराहून निराळे असू शकते. बालाघाटच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. वातानुकूलन नसलेल्या खोलीत २५ अंशांची हवा ४२ झाली की तितक्याच पंख्याने कार्डाचे तपमानही साधारण तितकेच वर सरकते. ३०९० सारखे कार्ड त्र्याऐंशी अंशांच्या आसपास पोहोचले की स्वतःहून ठेका उतरवू लागते. अशा खोलीत वैशाखात ओव्हरक्लॉकिंग करणे म्हणजे एका हाताने दिलेले कार्डाने दुसऱ्या हाताने परत घेणे होय. हा अनुभव केवळ आपल्यासारख्यांचा नाही. मेटा कंपनीने २०२४ साली लामा ३ या प्रतिमानाच्या प्रशिक्षणाचा जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात १६,३८४ कार्डांच्या त्या प्रचंड यंत्रणेची गतीही दुपारच्या उष्म्यामुळे १ ते २ टक्के खालीवर होत असल्याची नोंद आहे.

विजेच्या बचतीचा आकडा मात्र फुगवून सांगण्याची प्रथा आहे, म्हणून तो सावकाश मांडतो. ३०९० ची ठरलेली मर्यादा ३५० वॅट. ती २८० वॅटवर आणली तर प्रशिक्षणाची गती सुमारे ९५ टक्के उरते, असे अमेरिकेतील प्युजेट सिस्टिम्स या संगणक बांधणाऱ्या कंपनीच्या चाचणीत दिसून आले आहे. संगणकाचा उरलेला भाग १५० वॅट घेतो असे धरू. पूर्वी दहा तासांच्या कामास ५ युनिट लागत. आता तेच काम साडेदहा तास चालेल व ४३० वॅटने सुमारे साडेचार युनिट घेईल. बचत रोजची अर्धा युनिट. वर्षाचे तीनशे दिवस व युनिटला दहा रुपये धरले तरी दीड हजार रुपये. ‘सत्तर वॅट वाचले’ असे म्हणणारे हा वाढलेला अर्धा तास हिशेबात घेत नाहीत. तेव्हा केवळ पैशासाठी ही खटपट करावी असे मी म्हणणार नाही. खरा लाभ निराळा आहे. खोलीत ओतली जाणारी उष्णता कमी होते, पंख्यांचा आवाज उतरतो (ज्या खोलीत ध्वनिमुद्रणे ऐकावयाची तेथे हे क्षुल्लक नाही), आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टर अधिक वेळ टिकतो. बॅटरीतून हजार वॅट-तास मिळतात असे मानले तर ५०० वॅटच्या भारास दोन तास, ४३० वॅटच्या भारास दोन तास वीस मिनिटे. चालू प्रशिक्षणाची स्थिती जपून संगणक नीट बंद करावयास ती वीस मिनिटे उपयोगी पडतात. शिवाय या वर्गाची कार्डे काही सहस्रांश सेकंद आपल्या मर्यादेच्या पुष्कळ वर उसळी घेतात व त्यामुळे बेताचा पॉवर सप्लाय संरक्षणासाठी एकाएकी बंद पडतो. ठेक्यास वरची मर्यादा घातली की या उसळ्याही बसतात.

येथवरचे विवेचन दाब उतरविण्याच्या बाजूने झाले. पण ठेव खर्च होण्याचा प्रश्न शिल्लक आहे, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे.

दाब उतरविल्याने गणित चुकते ही कल्पनेतील भीती नव्हे. २०१९ च्या डिसेंबरात युरोपातील काही विद्यापीठांच्या संशोधकांनी ‘प्लंडरव्होल्ट’ या नावाने प्रसिद्ध केलेल्या कामात, इंटेलच्या प्रोसेसरचा दाब आज्ञावलीतून मोजका उतरवून त्याच्याकडून चुकीचे गुणाकार करवून घेतले, व त्या चुकांच्या साहाय्याने गुप्त किल्ल्या बाहेर काढल्या. संगणक या वेळी बंद पडला नव्हता. तो निश्चिंतपणे चालू होता. इंटेलने त्यानंतर अशा यंत्रांत दाब बदलण्याची ती वाट बंद करण्याची सोय दिली. २०२१ साली गूगल व मेटा या दोन्ही कंपन्यांच्या अभियंत्यांनी स्वतंत्रपणे लिहिले की, दाबास हात न लावलेल्या प्रोसेसरांतही काही थोडे असे निघतात, जे मुकाट्याने चुकीची उत्तरे देतात. वर उल्लेखिलेल्या लामा ३ च्या वृत्तांतात ५४ दिवसांतील ४१९ अनपेक्षित खंडांपैकी सहा अशा मूक चुकांमुळे पडले, असे नमूद आहे. राखीव ठेव शाबूत असताना ही स्थिती. ती आपण आपल्या हाताने कमी करावयाची, तर कशासाठी, हे सांगता आले पाहिजे.

खेळणाऱ्यास चुकीची किंमत फारशी नसते. पडद्यावर एका क्षणी एक हिरवा ठिपका चमकतो व जातो. संशोधकाची गोष्ट वेगळी. समजा, उमरग्याकडील कन्नडच्या शेजाराने घडलेली बोली आणि परंड्याकडील बोली यांच्या ध्वनिमुद्रणांवर एकच प्रतिमान चालविले, व पहिलीत शब्दचुकांचे प्रमाण दुसरीपेक्षा अर्ध्या टक्क्याने अधिक निघाले. या अर्ध्या टक्क्यावर प्रबंधाचे एक प्रकरण उभे राहते. तो बोलींतील भेद आहे, की मे महिन्यातील एका तापलेल्या दुपारी झालेल्या गणनाचा? गुणक एकदम अनंताकडे उसळला तर प्रशिक्षण कोसळते व चूक पकडली जाते; ती भली चूक म्हणावयाची. लहान चूक मात्र प्रतिमान पचवून टाकते.

यावर एक आक्षेप न्याय्य आहे, तो मांडला पाहिजे. न्यूरल नेटवर्क थोडाफार गोंगाट सहन करते; किंबहुना प्रशिक्षणात आपण तो मुद्दाम मिसळतो. मग एखाद-दुसरा चुकलेला गुणाकार कोठे लागतो? बहुतेक वेळा लागत नाही, हे खरे. पण त्यातच एक सापळा आहे. दशांश अपूर्णांकांची बेरीज संगणकात कोणत्या क्रमाने केली यावर शेवटचे अंक अवलंबून असतात, व ग्राफिक्स कार्डावर हा क्रम दर वेळी सारखा राहीलच असे नाही. त्यामुळे एकच प्रयोग दोनदा केला तरी आकडे किंचित वेगळे येतात, आणि विद्यार्थी या फरकास सरावतात. खरी चूक झाली तरी ती या सरावलेल्या फरकाच्या पदराआड लपते. काही व्यावसायिक कार्डांत मेमरीतील चूक सुधारण्याची सोय असते. पुण्याच्या सी-डॅकमधील ‘परम सिद्धी-एआय’ हा २०२० साली जगातील पाचशे महासंगणकांच्या यादीत त्रेसष्ठावा आलेला संगणक अशाच कार्डांवर उभा आहे. आपल्या आवाक्यातील ३०६० किंवा ३०९० मध्ये ती नाही. आणि असती, तरी ती मेमरीचे रक्षण करते; गुणाकार करणाऱ्या मंडलांचे नव्हे.

तिसरा मार्ग तो हा. दाबास हात न लावता कार्डाची शक्तिमर्यादा खाली आणावयाची, अथवा ठेक्यास वरची मर्यादा घालावयाची. असे केले की कार्ड कारखान्याच्याच वक्ररेषेवर राहते, फक्त तिच्या खालच्या, शहाण्या भागात. तेथील प्रत्येक वारंवारतेस कारखान्याने दिलेला दाब व त्यातील राखीव अंश जसाच्या तसा मिळतो. ठेव मोडली जात नाही. अंडरव्होल्टिंगने यापेक्षा आणखी थोडी बचत होते हे कबूल. परंतु बचतीचा मोठा भाग या मार्गानेच पदरात पडतो. लिनक्सवर एनव्हिडियाच्या ‘एनव्हिडिया-एसएमआय’ या आज्ञेने, व्यवस्थापकाच्या अधिकारात, शक्तिमर्यादा व ठेक्याची मर्यादा ही दोन्ही घालता येतात. एएमडीच्या कार्डांसाठीही तशी सोय आहे. संगणक पुन्हा सुरू केला की एनव्हिडियाची मर्यादा मूळपदावर जाते, म्हणून ती सुरुवातीच्या आज्ञांत लिहून ठेवावी. उन्हाळ्यासाठी ३०९० वर २५० ते २८० वॅट ही मर्यादा मला योग्य वाटते; १७० वॅटच्या ३०६० वर १३०. ज्यांचे काम मेमरीने अडणारे आहे त्यांस याहूनही खाली जाता येईल व फरक कळणारही नाही.

अंडरव्होल्टिंग सर्वथा त्याज्य आहे, असे मात्र नाही. ज्या कामाचे फलित पुढे माणूस ओळीओळीने तपासणार आहे, उदाहरणार्थ क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रणाचा यंत्राने केलेला पहिला कच्चा मसुदा, तेथे ते करावयास हरकत नाही. करावयाचे तर चाचणी मात्र संशोधकाच्या पद्धतीने करावी. एक लहान प्रशिक्षण निश्चित केलेल्या यादृच्छिक बीजावर, आणि पायटॉर्चमध्ये बेरजेचा क्रम स्थिर ठेवण्याची जी सोय आहे ती लावून, प्रथम कारखान्याच्या मांडणीवर चालवावे व अंतिम गुणक जपून ठेवावेत. मग दाब उतरवून तेच पुन्हा चालवावे. कार्ड तेच, ड्रायव्हर तोच, आज्ञावली तीच असेल तर दोन्ही फलिते शेवटच्या बिटापर्यंत जुळली पाहिजेत. एक बिट चुकला तरी तो दाब नापास. ‘खेळ तीन तास चालला, बंद पडला नाही’ ही चाचणी आपल्या कामाची नव्हे. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासून कोणते मडके कच्चे ते सांगितले, अशी कथा आहे. चिप तपासताना अडचण अशी की, जानेवारीच्या रात्री पक्के वाजलेले हे मडके मे महिन्याच्या दुपारी कच्चे निघू शकते. म्हणून चाचणी सर्वांत उष्ण महिन्यात, भर दुपारी करावी, व दर वर्षी पुन्हा करावी.

जुने कार्ड विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. खाणकामातून आलेल्या कार्डात मूळ वक्ररेषा व मेमरीचा ठेका पूर्वीच्या मालकाने कार्डाच्या आतील आज्ञावलीत बदलून ठेवलेले असू शकतात. तेव्हा कारखान्याची मांडणी म्हणून आपण जी समजतो ती तशी नसेल. निर्मात्याने त्या प्रतिरूपासाठी दिलेले आकडे व कार्ड स्वतः सांगते ते आकडे प्रथम ताडून पाहावेत. लॅपटॉपमध्ये पुष्कळदा या मर्यादा निर्मात्याने कुलूपबंद केलेल्या असतात. तेथे ठेक्याची मर्यादा तेवढी चालते का ते पाहावे, नाहीतर सोडून द्यावे.

प्रबंधाच्या पद्धतिविषयक प्रकरणात ध्वनिमुद्रक यंत्राचे नाव, मायक्रोफोनचे अंतर व निवेदकाचे गाव आपण नियमाने देतो. त्याच ओळीत कार्डाचे नाव, ड्रायव्हरची आवृत्ती, घातलेली शक्तिमर्यादा वॅटमध्ये, आणि दाबात बदल केला असल्यास किती व्होल्टांचा व कोणत्या महिन्यात तपासून केला, हे लिहावे. त्यास दोन ओळी पुरतात.